बँकॉकच्या चार दिवसांत पट्टाया बसवायचं का?

वाचकाचं पत्र: आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या तिशी-पस्तिशीतल्या, ठाणे-डोंबिवलीच्या. प्रजासत्ताक दिनाला जोडून येणाऱ्या सुट्टीत गुरुवारी रात्री मुंबईहून निघायचं आणि सोमवारी रात्री परतायचं, असा बँकॉकचा बेत आहे. एकीला पट्टायाचा समुद्र हवा, एकीला फक्त खरेदी. एक राजवाडा आणि मंदिरं सोडायला तयार नाही, एकीला रात्री बाहेर पडायचंय. पाचवी शुद्ध शाकाहारी, अंडंही न खाणारी. टूरवाला 'एक रात्र पट्टाया, दोन रात्री बँकॉक' असं पॅकेज देतोय. मागच्या सहलीत हिशोबावरून आमच्यात वाजलं होतं, ते पुन्हा नको. काय करावं? – एक वाचक, ठाणे

पॅकेज घेऊ नका आणि पट्टाया काढून टाका. ज्या मैत्रिणीला समुद्र हवाय तिला हे आजच सांगा, तिकडे गेल्यावर नको. कारणही नीट सांगा. सुवर्णभूमी विमानतळापासून पट्टाया सुमारे १२० किलोमीटर, आणि तिथून परत बँकॉक शहरात यायला दीडशेच्या आसपास. जाताना दीड-दोन तास, येताना शहराच्या तोंडाशी वाहतूक तुंबली तर तीनसुद्धा. त्यात दोन हॉटेलं, दोनदा खोली मिळायची वाट पाहणं, दोनदा पाचजणींच्या बॅगा भरणं. शिवाय पट्टायाच्या शहरालगतच्या किनाऱ्याचं पाणी काही फोटोतल्यासारखं निळं नाही. फोटो असतात ते को लान बेटाचे, आणि तिथे जायला बाली हाय धक्क्यावरून पाऊण तासाची बोट. म्हणजे एका रात्रीसाठी दीड दिवस घालवायचा आणि हातात अर्ध्या दिवसाचा किनारा. समुद्रासाठी वेगळी सहल करा, क्राबीला किंवा फुकेतला, तीही निदान पाच दिवसांची. या वेळी पाण्याची हौस चाओ फ्राया नदीवर भागवा. बँकॉकमध्ये नदी फक्त बघायची नसते, ती रोजच्या प्रवासाची वाट आहे.

तुमच्या पत्रातला सगळ्यात अडचणीचा आकडा पाच आहे, चार दिवस नव्हे. बँकॉकच्या साध्या टॅक्सीत चार प्रवासी बसतात. डिकीत बऱ्याचदा गॅसची टाकी असते, त्यामुळे मोठ्या बॅगा दोनच मावतात. म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्सी, किंवा ॲपवरून सहा आसनी गाडी, जी महाग पडते आणि यायला वेळ लावते. हॉटेलातही तेच. खोल्या दोघांच्या असतात, तिघांच्या कमी. 'एक तिघींची, एक दोघींची' अशा दोन खोल्या शोधा, आणि तिघींच्या खोलीत तिसरा पलंग खरा आहे की रात्री अंथरायची गादी, हे बुक करण्याआधी हॉटेलला लिहून विचारा. कोण कुठे झोपणार तेही आधीच ठरवा. लवकर झोपणाऱ्या एका खोलीत, रात्री उशिरा येणाऱ्या दुसऱ्या.

मग उपाय काय, तर टॅक्सीवर अवलंबून राहायचंच नाही. हॉटेल रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर घ्या. बाकीच्या सगळ्या सोयी यानंतर. नकाशावर 'शहराच्या मध्यावर' दिसणारं पण स्टेशनपासून दीड किलोमीटर आत असलेलं हॉटेल दिवसातून चार वेळा नडतं. खाओ सान रोड नाव ऐकून घेऊ नका, तिथे स्टेशन जवळ नाही. तुमच्यासाठी फाया थाई ते रात्चथेवी हा पट्टा आम्ही सुचवतो. विमानतळाची रेल्वे थेट फाया थाईला येते. तिथेच बीटीएस ही उन्नत रेल्वे मिळते, मोठ्या मॉलचा सियाम हा भाग दोन स्टेशनांवर आहे आणि कपड्यांचं प्रतुनाम चालत जाण्याच्या अंतरावर. असोक हा दुसरा चांगला पर्याय, कारण तिथे बीटीएस आणि भुयारी एमआरटी एकमेकींना मिळतात. मात्र शेजारचा नाना हा भाग रात्रीच्या बारांचा आहे, तिथलं हॉटेल घेताना गल्ली कोणती ते पाहा.

आता निघण्याआधीची कामं. भारतीयांना पर्यटनासाठी विनाव्हिसा प्रवेशाची सवलत जुलै २०२४ मध्ये वाढवून ६० दिवसांची झाली. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी उरलेली हवी. पाचही पासपोर्ट आज काढून बघा, एकीचा तरी हमखास काठावर निघतो. १ मे २०२५ पासून थायलंडला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, प्रत्येकीचं वेगळं, आणि ते पूर्ण फुकट आहे. शोधयंत्रात सगळ्यात वर येणाऱ्या काही साइट्स त्याचे पैसे घेतात. सरकारी पत्ता 'डॉट गो डॉट टीएच' ने संपतो, तेवढा बघा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून प्रत्येकीकडे द्या. पाचजणींची कागदपत्रं एकीच्या फोनमध्ये असली की इमिग्रेशनच्या पाच वेगळ्या रांगांत नेमका गोंधळ उडतो. प्रवास विमा घ्याच, आणि दुचाकीवर मागे बसल्यावर झालेला अपघात त्यात येतो का ते वाचा. तिथे नारिंगी जॅकेटातले मोटारसायकल टॅक्सीवाले गर्दीतून भराभर नेतात आणि मोह होतो.

ई-सिगारेट कुणाकडे असेल तर ती घरी ठेवा. थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे आणि पोलीस दंड करतात.

हिशोबाचं बोलू, कारण तुमचं भांडण तिथे झालं होतं. सगळंच टीटीएमएम केलं तर पाचजणी प्रत्येक गाडीवर सुट्टे शोधत बसतात. सगळंच सामायिक केलं तर न पिणारी दुसरीच्या कॉकटेलचे पैसे भरते. म्हणून कॉन्ट्री काढा, पण फक्त ठरलेल्या गोष्टींची: रेल्वे, बोट, टॅक्सी, राजवाडा आणि देवळांची तिकिटं, पाणी, एकत्र केलेलं जेवण. दारू, मसाज, खरेदी ज्याची त्याची. माणशी अंदाज असा: राजवाडा ५००, वात फो ३००, वात अरुण २०० (वात म्हणजे देऊळ) मिळून १,००० बात, म्हणजे थाई चलनात. विमानतळाची रेल्वे जाऊन-येऊन ९०. शहरातल्या गाड्या-बोटी दिवसाला १५० धरल्या तर चार दिवसांचे ६००. साध्या ठिकाणी दोन-तीन वेळचं खाणं दिवसाला ५००, म्हणजे २,०००. झाले ३,६९०. वरचे पाणी आणि अधूनमधून टॅक्सीला धरून माणशी ४,००० बात, पाचजणींचे २०,०००. एका बातला तीन रुपये धरून हिशोब करा, म्हणजे माणशी १२,००० रुपये. थोडा चढा धरलेला बरा. ही रक्कम पहिल्याच दिवशी एका वेगळ्या पाकिटात जमा करा. खजिनदार एकीच, आणि ती रोज रात्री झोपण्याआधी उरलेले पैसे मोजून ग्रुपवर आकडा टाकणार. मागाहून आठवून लिहिलेला हिशोब कधी जुळत नाही.

पैसे नेताना निम्म्याहून जास्त रोख ठेवा. फूटपाथवरच्या गाड्यांवर आणि बाजारात परदेशी कार्ड चालत नाही, तिथे रोख किंवा थाई बँकेचा क्यूआर. एटीएममधून काढले तर दर वेळी २२० बात किंवा त्याहून थोडं जास्त शुल्क कापलं जातं, तुम्ही हजार काढा की दहा हजार. म्हणून काढायचेच असतील तर एकदाच, मोठी रक्कम. मशीन 'रुपयांत बदलून दाखवू का' असं विचारतं तेव्हा नाही म्हणा, तो दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. डॉलर नेणार असाल तर १०० च्या कोऱ्या नोटा न्या, लहान नोटांना कमी दर मिळतो. विमानतळावर आगमनाच्या मजल्यावरच्या बँकांत पैसे बदलू नका. सगळ्यात खालच्या मजल्यावर, रेल्वे स्टेशनाशेजारी खासगी मनी चेंजर बसतात, त्यांचा दर बराच चांगला असतो. तुम्हाला गाडीसाठी तिथेच जायचंय.

विमान शुक्रवारी पहाटे उतरेल. घड्याळ दीड तास पुढे करा. इमिग्रेशनला कधी वीस मिनिटं, कधी सव्वा तास. सिमकार्ड घेताना पासपोर्ट लागतो, तो बॅगेच्या तळाशी टाकू नका. रेल्वे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, माणशी ४५ बात, पाऊण तासाच्या आत फाया थाई. पाचजणींचे २२५ होतात. दोन टॅक्सी केल्या असत्या तर मीटर, ५० बात विमानतळ अधिभार आणि टोल, असं दोन्ही टॅक्सींचं वेगवेगळं. रात्री गाडी बंद असताना उतरलात तरच टॅक्सी, आणि तीही पहिल्या मजल्यावरच्या अधिकृत रांगेतून, यंत्रातून निघालेली चिठ्ठी घेऊन. मोठ्या गाडीची रांग वेगळी असते, पाचजणी असल्याने तिथेच उभ्या राहा.

खोली दुपारी दोनला मिळेल. पहिल्या दिवशीची चूक इथे होते. लोक बॅगा ठेवतात आणि 'वेळ कशाला वाया घालवा' म्हणून तडक राजवाडा गाठतात. रात्री झोप नाही, डोक्यावर ऊन, दगडी फरशी, सावली नाही. दुपारी चारपर्यंत पाचपैकी दोघींची डोकी उठतात आणि संध्याकाळ फुकट जाते. शुक्रवार हलका ठेवा. बॅगा काउंटरवर देऊन सियामच्या थंड मॉलमध्ये नाश्ता, एक तासाचा पायांचा मसाज (साध्या दुकानात ३०० बातच्या आसपास), दोनला खोली, दोन-तीन तास झोप. संध्याकाळी सियामहून चित लोमपर्यंत रेल्वेच्या खालून जाणाऱ्या उंच पादचारी पुलावरून चाला. कोपऱ्यावर एरावन हे ब्रह्मदेवाचं छोटं मंदिर आहे, १९५६ साली शेजारच्या हॉटेलच्या बांधकामात विघ्नं येत होती म्हणून बसवलेलं. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि इथे भर चौकात झेंडूच्या माळांचा खच पडलेला. जवळच, सेंट्रल वर्ल्ड मॉलसमोर, गणपतीही आहे. थाई लोक त्याला फ्रा फिकनेत म्हणतात आणि मनापासून मानतात.

शनिवार राजवाड्याचा. दारं साडेआठला उघडतात, तिकीट साडेतीनपर्यंत मिळतं. साडेआठला दाराशी असा, दहानंतर बसगाड्यांतून येणारी गर्दी लोटते. फाया थाईहून बीटीएसने सियाम, तिथे समोरच्या गाडीने साला देंग, खाली उतरून एमआरटीचं सिलोम स्टेशन, तिथून सनाम चाय. दारापासून दारापर्यंत तास धरा. बीटीएस आणि एमआरटी वेगळ्या कंपन्यांच्या आहेत, तिकिटं वेगळी. एमआरटीच्या फाटकावर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड थेट टेकवता येतं, मात्र प्रत्येकीचं स्वतःचं हवं, एकच कार्ड पाचजणींना चालत नाही. बीटीएसला यंत्रातून एकेरी तिकीट काढा. दिवसाचा १५० बातचा पास चार-पाच फेऱ्या झाल्या तरच परवडतो. तुम्हाला तो बहुधा लागणार नाही.

कपड्यांबाबत तिथले रक्षक सूट देत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचा टॉप, शॉर्ट्स, फाटकी जीन्स, अंगाला घट्ट लेगिंग, काहीच चालत नाही. बिनबाह्यांच्या टॉपवर ओढणी घेतली तरी परत पाठवतात. सुती सलवार-कुडता हा या शहरासाठी उत्तम पोशाख आहे.

रस्त्यात एक नीटनेटका, इंग्रजी बोलणारा गृहस्थ भेटेल आणि सांगेल, आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, तोवर वीस बातमध्ये टुकटुकने तीन देवळं दाखवतो. टुकटुक रत्नांच्या दुकानात आणि शिंप्याकडे जाते, तिथे चालकाला दलाली मिळते आणि तुमची सकाळ जाते. हसून पुढे चाला, दारापर्यंत. राजघराण्याच्या कार्यक्रमांसाठी राजवाडा कधी कधी खरोखर बंद असतो, म्हणून आदल्या रात्री राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तारीख पाहून ठेवा. मग रस्त्यावरच्या कुणाचं ऐकायची गरज उरत नाही.

आत गेल्यावर सगळे पाचूच्या बुद्धाकडे धावतात. तो बघाच (गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही), पण खरा वेळ भोवतालच्या ओवऱ्यांना द्या. तिथल्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. आपल्याला कथा पाठ असते, त्यामुळे वाटाड्याशिवाय चित्रं ओळखू येतात, आणि जिथे कथा वेगळी वळते तिथे पाय थबकतो. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या सुवर्णमच्छा आडवी येते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. एक तास या भिंतींसाठी राखून ठेवा.

तिथून दक्षिणेला दहा मिनिटं चालत वात फो, ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध. मग ता तियेन धक्क्यावरून पाच बातची होडी घेऊन पलीकडे वात अरुण. अरुण तोच, सूर्याचा सारथी. पायऱ्या फार उभ्या आहेत, चढताना नाही पण उतरताना गुडघे बोलतात. नदीच्या बोटी निशाणाच्या रंगावरून ओळखायच्या. नारिंगी निशाण ही लोकांची बोट, १६ बातच्या आसपास, कितीही लांब जा. निळं निशाण पर्यटकांची, बरीच महाग. धक्क्यावर 'नारिंगी बोट आता नाही' असं कुणी सांगितलं तर पाच मिनिटं थांबा, बहुतेक वेळा येते. तिने साथोन धक्क्यावर उतरलात की वरच सफान ताक्सिन हे बीटीएस स्टेशन.

शनिवारी संध्याकाळी यावरात, म्हणजे चायनाटाउन. स्टेशन वात मंगकोन. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. चिनी नववर्ष जानेवारीच्या शेवटी आलं तर मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलंही महागतात. तारीख आधी पाहा.

शाकाहारी मैत्रिणीविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण तिला सगळे 'तिकडे फळं खा' असं सांगतील आणि ते बरोबर नाही. अडचण मांसाची नाहीच, ते दिसतं. अडचण न दिसणाऱ्या तीन गोष्टींची: माशाचा रस (नाम प्ला), कालवांचा सॉस आणि सुक्या कोळंबीची चटणी (कपि). भाजीच्या रश्श्यातही यातलं एखादं असतंच, लाल-हिरव्या करीच्या वाटणात कोळंबी आधीच वाटलेली असते, आणि पॅड थाय या नूडल्सवर ती भुरभुरतात. म्हणून 'नो मीट' म्हणून भागत नाही. थाई भाषेत शाकाहाराला 'मंगसविरत' म्हणतात. नीट ऐका, तो आपला 'मांसविरती' आहे. पण त्यात अंडं चालतं. तिच्यासाठी नेमका शब्द 'जे'. चिनी बौद्ध परंपरेतलं हे जेवण मांस, मासे, अंडं, दूध, कांदा, लसूण या सगळ्यांशिवाय असतं, जवळपास आपल्या चातुर्मासातल्यासारखं, दूध सोडून. पिवळ्या पाटीवर लाल रंगात, इंग्रजी १७ च्या आकड्यासारखं दिसणारं अक्षर म्हणजे जे. ती पाटी दिसली की निर्धास्त आत जा. अशी दुकानं लवकर बंद होतात, दुपारचं जेवण तिथे करा आणि रात्रीचं वेगळं ठरवा.

तीन वाक्यं पाठ करा. 'किन जे खा' म्हणजे मी 'जे' जेवण घेते. 'माय साय नाम प्ला खा' म्हणजे माशाचा रस घालू नका. 'माय साय खाय खा' म्हणजे अंडं घालू नका. शेवटचा 'खा' हा बायकांनी बोलायचा आदराचा शब्द. 'खाय' म्हणजे अंडं आणि 'काय' म्हणजे कोंबडी. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक करताना नाकीनऊ येतात, मराठी जिभेला क आणि ख आयतेच वेगळे. हीच वाक्यं थाई लिपीत फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा, गोंगाटात दाखवायला. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा हे तिला निःशंक खाता येईल. अगदीच घरचं हवं असेल तर साम योत स्टेशनाजवळ फाहुरात हा भारतीय कापडबाजार आहे, सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वाराही तिथेच. शनिवारी वात अरुणहून परतताना दुपारचं जेवण तिथे बसतं. खाकरा, थेपले, मेतकूट सोबत असू द्या, पण चारही दिवस त्यावर काढू नका.

रविवार चतुचकचा. हा बाजार खरा भरतो तो फक्त शनिवार-रविवारी. फाया थाईहून मो चित सरळ पाच स्टेशनं, गाडी बदलायची नाही. साडेनऊला आत, एकपर्यंत बाहेर. पुढे पत्र्याखाली हवा हलत नाही. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, हरवलात तर दर तासाला तिथे भेटायचं असं ठरवा, कारण गर्दीत फोनला रेंज नीट मिळत नाही. आवडलेल्या दुकानाचा विभाग आणि गाळा क्रमांक यांचा फोटो काढा. 'नंतर येऊन घेऊ' म्हटलेलं दुकान तिथे पुन्हा सापडत नाही. एक वस्तू घेतली तर घासाघीस फार चालत नाही, तीन घेतल्या तर दहा-वीस टक्के सुटतात. जानेवारीत पाऊस नसतो पण हवेत धूर असतो. दम्याचा त्रास असलेल्या मैत्रिणीने एन-९५ मास्क जवळ ठेवावा.

रात्री बाहेर पडणारीला एकटी सोडू नका, निदान दोघी. गच्चीवरच्या बारमध्ये स्लिपर आणि शॉर्ट्स चालत नाहीत, आणि किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली तर दहा टक्के सेवा आणि त्यावर सात टक्के कर वेगळा. पातपोंग या रात्रीच्या बारांच्या भागात 'वरच्या मजल्यावर शो' म्हणून नेणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, बिल भलतंच येतं आणि दार अडवतात. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९, पाचही फोनमध्ये आजच साठवा.

सोमवार मुद्दाम मोकळा ठेवा. कार्यक्रम पत्रिकेत या दिवसापुढे काहीच लिहू नका, आणि या दिवशी फुटा. खरेदीवालीने प्रतुनामच्या प्लॅटिनम मॉलमध्ये जावं. तिथे एका दुकानात तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो, त्यामुळे बाकीच्यांची मापंही तिच्याकडे द्या. घालून पाहायला सहसा देत नाहीत. आपल्या नीट बसणाऱ्या एका कुडत्याची छाती-कंबर मोजून, शिवणकामाची टेप पर्समध्ये टाकून जा. देवळांवालीला रेल्वेने अयुथ्या जमेल, सुमारे ८० किलोमीटर, थर्ड क्लासचं तिकीट २० बातच्या आत. १३५० मध्ये वसलेली आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही राजधानी, नाव अयोध्येवरून. मात्र परतीची गाडी दुपारी दोनच्या आतली धरावी, गाड्या उशिरा धावतात. विमान संध्याकाळी लवकरचं असेल तर अयुथ्या सोडून द्या.

फुटताना 'सियामला भेटू' असं ठरवू नका, सियामला बाहेर पडायच्या वाटा अनेक. स्टेशन, एक्झिटचा क्रमांक आणि वेळ, तिन्ही लिहून ठेवा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी थांबतात, तुम्हीही थांबा. राजघराण्याविषयी चेष्टेतही काही बोलू नका, तिथे तो गंभीर गुन्हा आहे.

विमानाच्या चार तास आधी फाया थाईला गाडी पकडा. आणि एक गोष्ट पाचजणींनी लक्षात ठेवा: विमानतळावर कुणी ओळखीचं, कितीही गोड बोललं तरी त्याची पिशवी मुंबईला न्यायची नाही. बँकॉकहून येणाऱ्या बॅगांतून गांजा पकडल्याच्या बातम्या मुंबईत सतत येतात, आणि बॅग जिच्या हातात तीच गुन्हेगार ठरते. तिथल्या दुकानांत दिसलीच तर गांजाची गोळी-बिस्किटंही उचलू नका. खाऊ घेताना पाकिटावर हिरवं पान छापलेलं नाही ना, ते बघा.

बातची नाणी ठाण्यात कुणी बदलून देत नाही. सोमवारी सकाळीच पाचही पर्सेस उलट्या करून सगळी नाणी कॉन्ट्रीच्या पाकिटात टाका आणि विमानतळाच्या रेल्वेची २२५ बातची तिकिटं त्यातूनच काढा.